लॅपटॉपचं घड्याळ चुकतंय? वेळ आणि इंटरप्टचे बिघाड शोधण्याची पद्धत

लॅपटॉपचं घड्याळ दोन तऱ्हांनी चुकतं, आणि त्यातली तऱ्हा ओळखली की निम्मं काम झालं. पहिल्या तऱ्हेत वेळ उडी मारते: रात्री बंद केलेला लॅपटॉप सकाळी सुरू केला तर तारीख काही वर्षं मागची, किंवा झाकण उघडल्यावर वेळ झाकण मिटलं तेव्हाचीच. दुसऱ्या तऱ्हेत घड्याळाची चालच बिघडते. मशीन सुरू असतानाच सेकंद हळू किंवा भरभर सरकतात, व्हिडिओ अडखळतो, आवाजात चटचट येते, एक की दाबली तर तीन अक्षरं उमटतात. उडीचं मूळ बहुधा मदरबोर्डवरचा छोटा सेल, टाइमझोन किंवा स्लीपमध्ये सापडतं. चालीचं मूळ टायमर आणि इंटरप्टमध्ये, म्हणजे उपकरणं प्रोसेसरला मारतात त्या हाकांमध्ये असतं. उडी मारणाऱ्या घड्याळासाठी कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) पॅरामीटर बदलत बसणं किंवा चाल बिघडली म्हणून सेल बदलणं, दोन्ही फुकटची मेहनत.

खालच्या कमांड, फाइलींची नावं आणि पॅरामीटर उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत; टाइप करताना ते रोमन लिपीतच करायचे.

आधी मोजा

इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा (एनटीपी) दोष झाकून टाकते, म्हणून चाचणीपुरती ती बंद करा. लिनक्सवर 'टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी फॉल्स'. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या तारीख-वेळ पानावर वेळ आपोआप सेट करण्याचं बटण बंद. मग फोनच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत वेळ जुळवा आणि लॅपटॉप स्लीपला न जाऊ देता दोन तास वापरा. त्यात थोडा वेळ जड काम द्या, थोडा वेळ तो नुसता पडून राहू द्या. फरक लिहून ठेवा. नंतर वेळ पुन्हा जुळवून मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फरक बघा.

आकडे कसे वाचायचे? साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चूक दहा लाखांत सुमारे २० भाग धरली तर दिवसाला १.७ सेकंद होते. तेवढी चूक दोन तासांत डोळ्यांना दिसतच नाही. दोन तासांत दोन सेकंद गेले, तर ती चूक दहा लाखांत सुमारे २८० भाग झाली आणि तिथे काहीतरी बिघडलंय हे नक्की. लिनक्स कर्नल एनटीपीच्या साहाय्याने चाल दुरुस्त करतो तीही दहा लाखांत ५०० भागांपर्यंतच, म्हणजे दिवसाला ४३ सेकंद. त्यापलीकडची चूक एनटीपीने सावरत नाही. घड्याळ मागे पडतं, उडी मारून पुढे येतं, पुन्हा मागे पडतं. लॉगमध्ये वेळ वारंवार पुढे-मागे ढकलल्याच्या नोंदी दिसल्या तर दोष सर्व्हरचा नसतो, याच चालीचा असतो.

चालू असताना वेळ बरोबर आणि बंद असताना चूक: सेलकडे चला. चालू असताना चूक आणि बंद असताना बरोबर: टायमरकडे.

यामागचं कारण असं, की मशीनमध्ये घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं आरटीसी. त्याचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपनं करतो, आणि मशीन बंद असतानाही ते सेलवर चालतं. दुसरं ऑपरेटिंग सिस्टिमचं. बूट होताना सिस्टिम आरटीसीची वेळ एकदा वाचते. पुढे प्रोसेसरमधले किंवा चिपसेटमधले गणक मोजून स्वतःची वेळ स्वतः पुढे नेते. 'टाइमडेटसीटीएल' नुसतं चालवलं की स्थानिक वेळ, जागतिक वेळ आणि आरटीसीची वेळ अशा तिन्ही ओळी एकाखाली एक दिसतात. एनटीपी सुरू असताना कर्नल दर ११ मिनिटांनी आपली वेळ आरटीसीमध्ये लिहितो, त्यामुळे सेवा बंद न करता केलेल्या तुलनेला अर्थ नाही.

वेळ उडी मारते तेव्हा

फरक नेमका तुमच्या टाइमझोनइतका असेल आणि मशीनवर विंडोज व लिनक्स दोन्ही असतील, तर हार्डवेअरला हात लावू नका. विंडोज आरटीसीमध्ये स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ धरतं, आणि दोघं एकमेकांचं लिहिलेलं चुकीचं वाचतात. विंडोजला जागतिक वेळ शिकवणं बरं: रजिस्ट्रीत एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन या जागी 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची डीवर्ड नोंद करून किंमत १ द्या. उलट मार्गही आहे ('टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १'), पण जिथे उन्हाळी वेळ पाळतात तिथे वर्षातून दोनदा गोंधळ होतो आणि ती कमांड स्वतःच तसा इशारा देते. दोन्ही उपाय एकदम केले तर चूक उलट्या दिशेने परत येईल.

तारीख कारखान्यातल्या मूळ वर्षावर गेली आणि बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंग्जही पुसल्या गेल्या, तर आरटीसीचा वीजपुरवठा पूर्ण तुटला होता. तारीख जवळपास बरोबर, पण वेळ बंद केल्याच्या क्षणापाशी अडकलेली, असं असेल तर सेल मरणपंथाला लागलाय: नोंदी टिकवण्यापुरता जोर आहे, पण कंपनं चालू ठेवण्याइतका नाही. तारीख चुकली की पहिली तक्रार बहुधा घड्याळाची नसतेच. संकेतस्थळं प्रमाणपत्र अवैध असल्याचं सांगतात, अपडेट अडतात, मेल उतरत नाही.

इथे विंडोजची एक अडचण लक्षात ठेवा. सुट्या मशीनवर विंडोजची वेळ-सेवा मूळ सेटिंगमध्ये ५४,००० सेकंदांपेक्षा, म्हणजे १५ तासांपेक्षा मोठी चूक स्वतः दुरुस्त करत नाही. वर्ष चुकलं असेल तर आधी तारीख हाताने लावा, मग अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डब्ल्यू३२टीएम /रीसिंक' चालवा. लिनक्सवर क्रोनी (वेळ जुळवणारी एक सेवा) वापरत असाल तर तिच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'मेकस्टेप १.० ३' ही ओळ हवी. तिच्यामुळे पहिल्या तीन वाचनांत एका सेकंदाहून मोठी चूक दिसली तर क्रोनी वेळ थेट बदलते. ही ओळ नसेल तर ती चूक हळूहळू जिरवत बसते, आणि चूक मोठी असली तर त्याला फार वेळ लागतो. दोन्ही सिस्टिमवर फायरवॉलमध्ये यूडीपीचा १२३ क्रमांकाचा पोर्ट बाहेर जाण्यासाठी मोकळा असावा.

सेल बदलताना

आधी तुमच्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल बघा, कारण बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये आरटीसीसाठी वेगळा सेलच नसतो. आरटीसी मुख्य बॅटरीवर चालतं, आणि ती ठार रिकामी झाली की वेळ जाते. तिथे बदलायला काही नाही. मशीन पूर्ण चार्ज करा, वेळ लावा, झालं.

सेल असेल तर तो साधारणपणे सीआर२०३२ किंवा त्याहून पातळ सीआर२०१६ असतो, अनेकदा प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेला आणि दोन तारांच्या छोट्या कनेक्टरला जोडलेला. मशीन बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी मुख्य बॅटरीचा कनेक्टर सोडवा. सेल बोर्डापासून सोडवून मल्टिमीटरने मोजा. ३ व्होल्टचा सेल नवा असताना ३ च्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली गेलेला बदलून टाका. जुन्याच्या तारा कापून नव्या सेलवर डाग देऊ नका. उष्णतेने सेल फुगतो किंवा फुटतो. तारा आधीच जोडलेला, त्याच कनेक्टरचा सेल घ्या आणि लाल-काळ्या तारांची जागा जुन्याशी ताडून बघा, कारण कनेक्टर सारखा असूनही तारा उलट असलेले सेल मिळतात.

सेलवर एमएल१२२० किंवा 'एमएल'ने सुरू होणारा दुसरा क्रमांक असेल तर तो चार्ज होणारा प्रकार आहे. त्या जागी सीआर मालिकेतला सेल कधीही लावू नका. बोर्ड त्याला चार्ज करायला जाईल आणि तो गळेल, किंवा त्याहून वाईट होईल.

नवा सेल बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख, स्टोरेजचा मोड आणि सिक्युअर बूट तपासा. स्टोरेजचा मोड मूळ सेटिंगवर गेल्यामुळे विंडोज सुरूच होत नाही, असं पुष्कळदा होतं आणि दोष सेलच्या माथी मारला जातो. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलुपाने) बंद केलेली असेल तर झाकण उघडण्याआधी रिकव्हरी की लिहून घ्या.

वेळ फक्त स्लीपनंतर मागे पडत असेल तर मशीन दहा मिनिटं झोपवा, उठवा आणि लगेच 'टाइमडेटसीटीएल' बघा. आरटीसीची ओळही दहा मिनिटं मागे असेल तर आरटीसीच थांबलं होतं. आरटीसी बरोबर आणि फक्त सिस्टिमची वेळ मागे असेल तर दोष कर्नल किंवा फर्मवेअरचा (हार्डवेअरमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरचा); तात्पुरतं 'एचडब्ल्यूक्लॉक --एचसीटूसिस' चालवून वेळ परत आणता येते. '/सिस/पॉवर/मेम_स्लीप' या फाइलमध्ये चौकटी कंसात दिसतो तो चालू स्लीपचा प्रकार. 'एस२आयडल' आणि 'डीप' दोन्ही उपलब्ध असतील तर सध्या चालू नसलेला प्रकार वापरून तीच चाचणी पुन्हा करा.

चाल बिघडते तेव्हा

लिनक्सवर सिस्टिमची वेळ कोणत्या गणकावर चालली आहे हे '/सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०' या फोल्डरमधल्या 'करंट_क्लॉकसोर्स' फाइलमध्ये दिसतं, आणि पर्याय शेजारच्या 'अव्हेलेबल_क्लॉकसोर्स'मध्ये. टीएससी प्रोसेसरच्या आत असतो, वाचायला सगळ्यात जलद. एचपीईटी चिपसेटमध्ये असतो, बराच मंद. एसीपीआय_पीएम हा ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर चालणारा जुना, भरवशाचा, पण तितकाच मंद. सुदृढ मशीनवर 'टीएससी' दिसायला हवं.

ते दिसत नसेल तर 'डीमेसेज' या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या लॉगमध्ये 'अनस्टेबल' शब्द शोधा. कर्नल दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची दुसऱ्या गणकाशी तुलना करतो आणि फरक मर्यादेबाहेर गेला की टीएससीला अस्थिर ठरवून बाजूला सारतो. पण साक्षीदार खोटा असू शकतो. इंटेलच्या कॉफी लेक पिढीत प्रोसेसर सगळ्यात खोल झोपेत गेला की एचपीईटीच मागे पडायचा आणि ठपका निर्दोष टीएससीवर यायचा. २०१९ मध्ये कर्नलमध्ये बदल करून त्या प्लॅटफॉर्मवर एचपीईटी बंद केला गेला. म्हणून अशा तक्रारीत पहिला उपाय नवा कर्नल आणि नवा बायोस.

त्यानेही भागलं नाही तर '/प्रॉक/सीपीयूइन्फो'मधल्या फ्लॅग्जमध्ये 'कॉन्स्टंट_टीएससी' आणि 'नॉनस्टॉप_टीएससी' आहेत का बघा. पहिला असेल तर प्रोसेसरचा वेग बदलला तरी गणकाची चाल बदलत नाही. दुसरा असेल तर प्रोसेसर झोपला तरी गणक थांबत नाही. दोन्ही असतील तर बूट पॅरामीटरमध्ये (तो कसा द्यायचा ते शेवटी सांगितलंय) 'टीएससी=रिलायबल' देऊन तुलना बंद करता येते, आणि मग सुरुवातीची दोन तासांची चाचणी करून खात्री करायची. दोन्ही नसतील तर तो पॅरामीटर देणं म्हणजे चुकीच्या घड्याळावर जबरदस्तीने विश्वास ठेवणं. तिथे 'क्लॉकसोर्स=एचपीईटी' किंवा 'क्लॉकसोर्स=एसीपीआय_पीएम' योग्य. रीबूट न करता करून बघायचं असेल तर रूट (लिनक्सचा अॅडमिनिस्ट्रेटर) म्हणून ते नाव 'करंट_क्लॉकसोर्स' फाइलमध्ये लिहिलं की बदल लगेच लागू होतो.

घड्याळ बरोबर दुप्पट वेगाने पळत असेल तर मशीन बहुधा जुनं आहे. एटीआयच्या चिपसेटच्या काही जुन्या लॅपटॉपमध्ये टायमरचा एकच इंटरप्ट दोन वाटांनी, म्हणजे दोनदा पोचायचा. त्या काळच्या कर्नलसाठी 'डिसेबल_टायमर_पिन_१' हा पॅरामीटर होता. त्याने भागलं नाही तर 'नोएपिक', पण त्यात सगळे इंटरप्ट जुन्या १६ ओळींत कोंबले जातात आणि दुसरंच काही बिघडू शकतं.

इंटरप्टची ओळ वाचणं

घड्याळ गचके खात चालतं, पंखा विनाकारण फिरतो आणि प्रोसेसरचा एक कोर सतत व्यस्त दिसतो, तेव्हा बहुधा कुठलंतरी उपकरण प्रोसेसरला सारखं हाक मारत असतं. '/प्रॉक/इंटरप्ट्स' या फाइलमध्ये प्रत्येक हाकेची मोजदाद असते. डावीकडे इंटरप्टचा क्रमांक, मग प्रत्येक कोरचा एकेक रकाना, शेवटी उपकरणाचं नाव. आकडे बूट झाल्यापासूनचे एकत्रित असतात, त्यामुळे मोठा आकडा बघून घाबरण्यात अर्थ नाही. फरक बघा: फाइलची एक प्रत घ्या, काहीही न करता दहा सेकंद थांबा, दुसरी प्रत घ्या. समजा ९ क्रमांकाच्या 'एसीपीआय' (वीज-व्यवस्थापनाची यंत्रणा) ओळीत आधी ४,१२,३०० होते आणि नंतर ६,५८,९०० झाले. म्हणजे सेकंदाला २४,६६० हाका. ही ओळ चार्जर, झाकण, बॅटरीच्या सूचनांसाठी असते. शांत मशीनवर ती दहा सेकंदांत जेमतेम हलते. चोर सापडला.

'एलओसी' ही ओळ कोरच्या स्वतःच्या टायमरची. ती सेकंदाला काही शेकड्यांनी वाढणं स्वाभाविक आहे, तिच्या मागे लागू नका.

एसीपीआयची ओळ पळत असेल तर पुढचा पत्ता '/सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स' या फोल्डरमध्ये. तिथे 'जीपीई' (एसीपीआयच्या सूचनेची एकेक वाट) आणि पुढे दोन अंकी षोडशमान क्रमांक अशा नावांच्या फाइली असतात. ज्या फाइलचा आकडा हजारोंनी वाढतोय, उदाहरणार्थ 'जीपीई६एफ', तिच्यात रूट म्हणून 'मास्क' हा शब्द लिहा. प्रोसेसर लगेच शांत झाला तर निदान पक्कं. कायमसाठी बूट पॅरामीटर 'एसीपीआय_मास्क_जीपीई=०एक्स६एफ'. मात्र त्याच जीपीईवर झाकण, ब्राइटनेसच्या कीज किंवा यूएसबी-सी यांच्या सूचनाही येत असू शकतात. बंद केल्यावर हे सगळं एकदा वापरून बघा.

ओळीच्या शेवटी टचपॅड किंवा 'आय२सी' दिसत असेल तर बोट टचपॅडपासून दूर ठेवूनही आकडा पळतो का बघा. पळत असेल तर 'मॉडप्रोब -आर आय२सी_एचआयडी_एसीपीआय' देऊन ड्रायव्हर काढा, यूएसबी माउस आधी जोडून. आकडा थांबला तर दोष टचपॅडच्या ड्रायव्हरचा, फर्मवेअरचा किंवा खालच्या फीतकेबलचा. फुगलेल्या बॅटरीमुळे टचपॅड खालून दाबला गेलाय का हेही याच वेळी बघून घ्या. बॅटरी फुगलेली असेल तर ती न टोचता, न दाबता काढायची आणि पुन्हा वापरायची नाही.

'डीमेसेज'मध्ये अमुक क्रमांकाच्या इंटरप्टबद्दल 'नोबडी केअर्ड' असा संदेश आला, तर एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून अधिक हाकांची जबाबदारी एकाही ड्रायव्हरने घेतली नाही आणि कर्नलने ती ओळच बंद केली. त्या ओळीवर वाटेकरी असलेलं निर्दोष उपकरणही मग बंद पडतं किंवा रखडतं, म्हणून आवाज गेला तरी दोष वायफाय कार्डाचा निघू शकतो. संदेशाखाली त्या ओळीवरच्या ड्रायव्हरांची यादी येते. एकेक काढून बघा. संदेशच 'आयआरक्यूपोल' सुचवतो. त्याने मशीन वापरण्याजोगं होतं, पण मंदावतं. कायमचा इलाज म्हणून तो ठेवू नका.

सगळे आकडे शांत, तरी गचके चालूच? मग एसएमआयचा संशय घ्या. हे इंटरप्ट फर्मवेअर स्वतःसाठी घेतं, तेवढा वेळ ऑपरेटिंग सिस्टिम गोठते आणि '/प्रॉक/इंटरप्ट्स'मध्ये त्याची नोंदही होत नाही. इंटेल प्रोसेसरवर 'टर्बोस्टॅट'च्या एसएमआय रकान्यात त्यांची संख्या दिसते. चार्जर लावून-काढून ती बदलते का बघा. उपाय बायोस अपडेटचाच. सॉफ्टवेअरच्या बाजूने फारसं हातात नसतं.

विंडोजवर

टास्क मॅनेजरमधली 'सिस्टिम इंटरप्ट्स' ही ओळ बघा. शांत मशीनवर ती एखाद-दोन टक्क्यांत असते. सतत पाच-दहा टक्क्यांवर असेल तर काहीतरी अडलंय. लेटन्सीमॉन हे साधन कोणता ड्रायव्हर किती वेळ प्रोसेसर अडवतो ते नावासकट दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनाप्रमाणे डीपीसीचं (इंटरप्टनंतर मागे ठेवलेल्या कामाचं) काम १०० मायक्रोसेकंदांत आणि आयएसआरचं (इंटरप्ट येताच होणाऱ्या कामाचं) २५ मायक्रोसेकंदांत संपायला हवं. यादीत सगळ्यात वर 'एनडीआयएस.सिस' दिसलं तर वायफाय-लॅनचा ड्रायव्हर, 'एसीपीआय.सिस' दिसलं तर बायोस किंवा बॅटरी-चार्जर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये संशयित उपकरण डिसेबल करून पुन्हा मोजा. डिस्क आणि डिस्प्लेचा ड्रायव्हर मात्र असा बंद करू नका.

खेळ जलद चालावेत म्हणून सांगितल्या जाणाऱ्या युक्त्यांमध्ये 'यूजप्लॅटफॉर्मक्लॉक' हमखास असतो. त्याने विंडोज टीएससी सोडून मंद टायमरवर जातं आणि उलट अडखळतं. 'बीसीडीएडिट /एनम'मध्ये तो दिसला तर 'बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू यूजप्लॅटफॉर्मक्लॉक' देऊन काढा आणि रीबूट करा. इथेही बिटलॉकरची की आधी हाताशी हवी.

पॅरामीटर एका वेळी एकच

बूट पॅरामीटर आधी ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत 'ई' दाबून फक्त त्या बूटपुरता द्या. चुकला तर रीबूट केलं की गेला. गुण आला तरच ग्रबच्या कायमच्या कॉन्फिगमध्ये लिहा आणि शेजारी तारीख, कर्नलची आवृत्ती टिपून ठेवा. 'एसीपीआय=ऑफ' हा सगळीकडे सुचवला जाणारा उपाय लॅपटॉपवर जवळपास निरुपयोगी आहे: बॅटरीची माहिती, स्लीप, बहुतेक ठिकाणी पंख्याचं नियंत्रणही जातं. 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' निदानाला उत्तम, कारण खोल झोप बंद केल्यावर घड्याळ सुधारलं तर दोष झोपेतून उठण्याच्या वाटेवर आहे हे कळतं. तो तसाच ठेवला तर बॅटरी लवकर संपते आणि मशीन तापतं. 'पीसीआय=नोएईआर' फक्त तक्रारींचा ओघ थांबवतो; लॉगमध्ये पीसीआय एक्सप्रेसच्या दुरुस्त झालेल्या चुकांचा पूर येत असेल तर आधी ते कार्ड काढून नीट बसवा, मग 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' करून बघा.

कर्नल किंवा बायोसची नवी आवृत्ती आली की लावलेले पॅरामीटर काढून तीच दोन तासांची चाचणी पुन्हा करा. दोष तसाच असेल तर उत्पादकाकडे तक्रार नोंदवताना दहा सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या 'इंटरप्ट्स' फाइलच्या दोन प्रती, पूर्ण 'डीमेसेज', बायोसची आवृत्ती आणि तासाला किती सेकंद चूक हा आकडा जोडा.